तळ्यातला बांबू

रविवार-वागे (जावी पंचांगाप्रमाणे), १२ जून

चि. पालुपी हिस आशीर्वाद.

तुझ्या बांबूंविषयी लिहीत आहे. अन्य काही लिहावे अशी तुझी-माझी स्थिती नाही आणि ती कोणामुळे नाही याचा निवाडा पत्रातून करू नये. तू आईशी फोनवर तास तास बोलतेस, ते बोलावेस. मला फोनवर लिहिलेले वाचवत नाही. त्या वाक्यांना ना आरंभ असतो ना पूर्णविराम. म्हणून तू आणि मी केवळ बांबूंविषयी आणि केवळ कागदावर बोलायचे, हे ठरले तेच योग्य आहे.

तू फ्लोरेसहून लिहिलेस त्याप्रमाणे एप्रिलच्या अखेरीस गावच्या बांबूच्या बेटातून तोडलेले सर्व बांबू माझ्या मागल्या तळ्यात बुडवून ठेवले आहेत. मासे आधीच काढून शेजारच्या बू पोनियेमला दिले. बांबू वर येऊ नयेत म्हणून त्यांवर नदीतले दगड ठेवले आहेत. ऑगस्ट सरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे लक्षात आहे. पाण्यात मुरून बांबूतला गोडवा निघून जातो आणि गोडवा गेला की भुंगेऱ्याला त्यात रस उरत नाही, हे मला तुझ्याकडून शिकण्याची आवश्यकता नव्हती. माझ्या वडिलांनी बांधलेल्या गोठ्याचे वासे वयाने माझ्याहून मोठे आहेत आणि माझ्याहून ताठ आहेत.

या बांबूंतून आपल्या वाडीची बालवाडी चांगली उभी राहिली, तर उरलेल्या पाच वाड्यांच्या बालवाड्याही अशाच बांबूच्या आणि चुन्याच्या, आणि तुझ्याच हातून बांधून घ्यायच्या, असे ग्रामसभेने ठरवले आहे. भूकंपात विटांची शाळा जमीनदोस्त झाली तेव्हा सर्वांनाच बांबूची आठवण झाली होती. पण आठवण विरली आणि पुन्हा सिमेंटचे ट्रक चढू लागले. तुझ्यासारखे कोणी हट्टाने मागे लागले नसते, तर या वेळीही सिमेंटच आले असते. मी मावशीच्या पंगतीत 'माझी मुलगी एवढे शिकून झोपड्या बांधते' असे म्हणालो होतो. ते वाक्य मी मागे घेत नाही. मात्र 'झोपड्या' हा शब्द नेमका नव्हता, एवढे मान्य करतो.

आता मुख्य विषय. वास. तळ्याला असह्य वास येतो. काल बू पोनियेम कुंपणावरून ओरडली, "पाक गुरू, तळ्यात म्हैस मेलीय का? मेली असेल तर कळवा, आम्ही पण रडायला येतो!" सुतार तुगिमिन, जो माझा विद्यार्थी होता आणि ज्याला मी कधीही एक निबंध शुद्ध लिहायला शिकवू शकलो नाही, तो म्हणाला, "वासाचं काय एवढं? बायको रागावली की आमच्या घरात याहून वाईट असतं."

विनोद बाजूला ठेव. पुढल्या महिन्यात सेमारांगहून पाक विबिसोनो सहकुटुंब येणार आहेत. आपल्या धाकट्या लारसला त्यांच्या मुलासाठी मागणी घालायला येणार आहेत. ते सिमेंटचे मोठे व्यापारी आहेत. त्यांच्या घरात पायाखाली संगमरवर आहे. असे लोक नाकाला रुमाल लावून माझ्या पडवीत बसणार का? बांबू थोडे आधी काढता येतील का, याचे लेखी उत्तर दे.

तुझा पिता,
हर्दोयो

*

गुरुवार-लेगी, १४ जुलै

चि. पालुपी,

तुझे उत्तर मिळाले. 'नाही, बापा. वास येतोय म्हणजे पाणी काम करतंय.' एवढेच. ही बोलण्यातली रूपे आहेत. लेखनात ती येऊ नयेत. परंतु अर्थ समजला.

मागणीचा समारंभ यथासांग पार पडला. तुझ्या आईने नारळाच्या दुधातला कोंबडीचा रस्सा केला होता. पाक विबिसोनो दोनदा वाढून घेऊन म्हणाले, "विहीणबाई, आमच्या स्वयंपाकिणीला तुमच्याकडे शिकायला पाठवतो." मंडळी मागल्या पडवीत तळ्याकडे तोंड करून बराच वेळ बसली. "काय गार वारा आहे हो तुमच्याकडे!" असे ते म्हणाले. लारस चहा घेऊन आली. एकही कप सांडला नाही. लग्न पुढल्या वर्षी ऑगस्टमध्ये, वर्ज्य महिना संपल्यावर करण्याचे ठरले.

पाहुणे येण्याच्या आधी तुगिमिन आणि त्याचे गडी येऊन तळ्याकडचे काम करून गेले. तुझ्या बांबूंची चिंता नसावी. ते सुरक्षित आहेत.

तू लारससाठी पाठवलेले विणलेले वस्त्र तिने त्या दिवशी खांद्यावर घेतले होते. पाक विबिसोनोंच्या पत्नीने त्याची चौकशी केली. तेव्हा मी "माझी थोरली मुलगी पूर्वेकडच्या बेटावर असते" असे सांगितले. ती तिथे काय करते, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

हर्दोयो

*

रविवार-पोन, ९ ऑक्टोबर

प्रिय पालुपी,

तू परत गेल्यापासून घर शांत आहे. आईने तुझ्या खोलीतली चादर अजून काढलेली नाही.

आढे चढवण्याचा दिवस माझ्या आठवणीत राहील. आढ्याला केळीचा लोंगर, ऊस, नारळ आणि भाताची लोंबी बांधून झाली. मग लाल-पांढरे कापड थोरल्या अपत्याने बांधायचे असते म्हणून सर्वांनी तुला हाक मारली आणि तू शिडी चढून गेलीस. खाली तुगिमिन ओरडत होता, "म्बाक पालुपी, सांभाळून! तुम्ही पडलात तर आम्हाला सिमेंटवाले धरून नेतील!" वाडी हसली. मीही हसलो. तू सात वर्षांनी त्या अंगणात होतीस.

तू खांबाला बोटाच्या पेरांनी टकटक करून कान लावलास आणि म्हणालीस, "कसला छान वाळलाय, बापा! मला वाटलं नव्हतं एवढ्यात इतका वाळेल." नंतर, बांबू पाण्यातून केव्हा काढला, असे तू विचारलेस आणि मी 'वेळेवर' असे उत्तर दिले. 'वेळेवर' हा शब्द पुरेसा नेमका नाही, हे मला घरी येताना जाणवले. त्याविषयी पुन्हा केव्हातरी लिहीन. तुगिमिन तुझ्याशी काही बोलू लागला तेव्हा मी त्याला कौले मोजायला पाठवले, कारण तो फार बोलतो.

निघताना तू माझा हात कपाळाला लावलास. मी तुझी पिशवी उचलून दिली. बोलायचे होते.

इमारत सुंदर झाली आहे. हे वाक्य मी दोनदा वाचून पाहिले. त्यातला एकही शब्द बदलावा असे वाटत नाही. दगडी जोते, तट्ट्यांवर चुन्याचा पांढरा गिलावा आणि वर ते उंच छप्पर, ज्याखाली भर दुपारीही पंखा लागत नाही. मुले आत शिरली की वर पाहतात आणि काही वेळ बोलायचे विसरतात.

तुझा बाप

*

रविवार-लेगी, १९ फेब्रुवारी

प्रिय पालुपी,

एक गोष्ट कळवणे भाग आहे. तुझ्या आईने फोनवर सांगण्याआधी ती माझ्याकडून कळावी.

बालवाडीत पिठी गळू लागली आहे. आरंभी बाईंना वाटले, की चुन्याचा गिलावा सुटतो आहे. पण ती पिवळसर आहे, अतिशय बारीक आहे, आणि रोज सकाळी झाडले तरी दुपारपर्यंत चटयांवर पुन्हा तिचा थर बसतो. मुलांच्या केसांत पडते, डब्यांतल्या भातात पडते. मी स्वतः जाऊन वाशाला कान लावला. आत कुरकुर ऐकू येते. त्या आवाजाविषयी चूक होणे शक्य नाही; मी तो लहानपणी पुष्कळ ऐकला आहे, शेजाऱ्यांच्या घरांत. आमच्या घरात कधी ऐकला नाही.

कारणे अनेक असू शकतात. पावसाळा या वर्षी लांबला. कदाचित बांबूचे एखादे बेटच कोवळे असेल. तू कशावरही घाईने निष्कर्ष काढू नयेस, एवढीच विनंती.

काय लावावे, ते कळव. सरपंच फार अस्वस्थ आहेत. लोक आता जे बोलतात ते मी इथे लिहीत नाही.

तुझा बाप

*

सोमवार-क्लिवोन, २० मार्च

पालुपी,

ग्रामसभा झाली. तुला बोलावले नव्हते, याचा मी निषेध केला असता. परंतु केला नाही.

सभा बालवाडीतच घेतली. सरपंचांनी ती मुद्दाम तिथे ठेवली असावी, कारण चहाचे पेले वाटले तेव्हा प्रत्येकाने पेल्यावर हात धरला. सगळे जण पेल्यावर हात धरून बसले होते, एवढेच. आणि ते पुरेसे होते.

मग बोलणे सुरू झाले. "पालुपी हुशार पोरगी, पण तिकडच्या बेटावरचं पाणी वेगळं, इथलं वेगळं." "बांबू तो बांबूच. कोंबड्यांच्या खुराड्याला ठीक." बू पोनियेम म्हणाली, "माझ्या नातवाच्या डोक्यात उवा झाल्या म्हणून मी आठवडाभर फणी फिरवली. उवा कसल्या, इमारत होती ती!" सगळे हसले. मग सरपंचांनी तुगिमिनला विचारले, की बांबू किती काळ पाण्यात होता. तुगिमिन म्हणाला, "जुलैत काढला. म्बाक पालुपीचाच निरोप होता, आता काढा म्हणून." आणि त्याने माझ्याकडे पाहिले.

मी पेल्याकडे पाहत होतो.

ठराव असा झाला: बालवाडी बंद ठेवावी. उरलेल्या पाच वाड्यांत काँक्रीटच्या इमारती व्हाव्यात. 'संबंधित स्थापत्यकार' हिला पुढील काम देऊ नये. ठरावाच्या लेखनात तुझे नावही नव्हते. ते असते, तर वाचताना मी कदाचित उठून उभा राहिलो असतो. हेही कदाचित खरे नाही.

'मी असा निरोप केव्हा पाठवला?' असे तू आईला फोनवर विचारलेस. आईने मला विचारले. मी म्हणालो, तुगिमिनला विचार. त्यानंतर तू तुगिमिनला काय लिहिलेस, ते मला ठाऊक नाही. त्याने मला दाखवले नाही. तो रस्त्यात भेटतो, थांबतो आणि नेहमीप्रमाणे मान झुकवतो. पूर्वी काही तरी चेष्टा करत असे.

गुरुवारपासून रोजे सुरू होतील. प्रकृतीस जप.

ह.

*

रविवार-लेगी, ३० एप्रिल

माझ्या मुली,

हे पत्र मी चार वेळा लिहिले आणि चारही वेळा ते इतके सुबक झाले, की मी ते फाडून टाकले. हे पाचवे. यात चुका असतील. त्या तशाच राहू देत.

तुगिमिन खोटे बोललेला नाही. तुझा निरोप आला आहे, असे त्याला मी सांगितले होते.

पाक विबिसोनो येण्याच्या आदल्या आठवड्यात तुझे 'नाही' माझ्या खिशात होते. मी तळ्याकाठी उभा होतो आणि सेमारांगहून येणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांतून स्वतःकडे पाहत होतो. खेड्यातला म्हातारा मास्तर, ज्याच्या अंगणात घाण वास येतो आणि ज्याची थोरली मुलगी बांबूची घरे बांधत फिरते. मला त्या वासाची लाज वाटली. खरे सांगायचे तर वासाची नव्हे, तुझी. तुगिमिन आला तेव्हा मी म्हणालो, "काढ बाहेर. पालुपीचा निरोप आला आहे." तो जरा थबकला. "एवढ्यात, पाक गुरू? नक्की?" मी त्याच्याकडे असे पाहिले, जसे वर्गात पाहत असे. तेवढ्यावर तो पाण्यात उतरला.

इथे पाक गुरूंना दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. मी आयुष्यभर ती भीड सन्मान म्हणून मिरवली. या वेळी ती मी हत्यारासारखी वापरली.

पाहुणे गेल्यावर बांबू परत बुडवता आला असता. परंतु मग गड्यांना सांगावे लागले असते, की निरोप आला नव्हता. म्हणून मी तो वाळू दिला. तू खांबाला कान लावून 'छान वाळलाय' म्हणालीस, तेव्हाही सांगता आले असते. सभेत तुगिमिनने माझ्याकडे पाहिले, तेव्हाही. आज वाटते, की प्रत्येक वेळी एखादे दार उघडे होते आणि मी दारातल्या पायपुसण्याकडे पाहत उभा राहिलो.

आता ईदचे सांगतो.

नमाजानंतर रीतीप्रमाणे वाडी घरी आली. मी खुर्चीवर, तुझी आई शेजारी, समोर केटुपातची, नारळाच्या पानांत शिजवलेल्या भाताची, ताटे. धाकट्यांनी मोठ्यांपुढे गुडघे टेकायचे, हात हातात घ्यायचा आणि वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची. मोठ्यांनी ती द्यायची. मी ती कैक वर्षे देत आलो आहे, एखाद्या कारकुनाने शिक्का मारावा तशी.

तुगिमिन शेवटी आला. प्रार्थनेसाठी बालवाडीतल्या चटया काढून आणल्या होत्या. त्यानेच त्या खांद्यावर वाहून आणल्या होत्या. तो माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला, माझा हात घेतला आणि म्हणाला, "पाक गुरू, कळत-नकळत माझ्याकडून जे काही झालं असेल, ते पोटात घाला."

त्याच्या खिशात तुझे पत्र होते, पालुपी. मला ते नंतर कळले. 'माझ्या नावावर खोटं बोलून तुम्ही माझं काम बुडवलंत', असे तू त्याला लिहिले होतेस. ते वाचताक्षणी तो निरोप कोणाचा होता, हे त्याला समजलेच असणार. त्याने तुला उलट उत्तर लिहिले नाही. सरपंचांना सांगितले नाही. तो आला, आणि त्याने माझी क्षमा मागितली.

मी रीतीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात उचलला तेव्हा बोटांना पिवळी पिठी लागली होती.

मी तोंडपाठ असलेले उत्तर दिले. हो, तेव्हाही तेच दिले. तो उठून गेला. तुझी आई ताटे आवरत म्हणाली, "मी काही विचारत नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "मी महिनाभर काही विचारलं नाही. तुम्ही सांगाल म्हणून रोज वाट पाहिली. रोजा सोडताना तुमच्यापुढे खजूर ठेवत होते, तेव्हा पण." मग तिने माझ्यापुढे हात धुवायला पाणी ठेवले.

ईदनंतरच्या रविवारी, म्हणजे आजच, गावाचा स्नेहमेळा होता. मला दरवर्षी तिथे चार शब्द बोलायला सांगतात. मी भाषण लिहून काढले आणि पडवीत म्हणून पाहिले: 'काही अपरिहार्य कारणांमुळे बांबू नियोजित वेळेपूर्वी पाण्याबाहेर काढला गेला.' आतून तुझी आई म्हणाली, "कोणी काढला? भुताने?" मी कागद घडी करून ठेवला.

मेळ्यात उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "पालुपीने निरोप पाठवला नव्हता. तिने 'नाही' असे लिहिले होते. मी तुगिमिनशी खोटे बोललो. पाहुण्यांना वास येऊ नये म्हणून बांबू मी काढायला लावला. बालवाडीत जी पिठी गळते, ती माझी आहे."

कोणीतरी हसावे किंवा शिवी द्यावी, असे मला वाटत होते. शेवटी बू पोनियेमच म्हणाली, "तरीच! तरीच मी म्हणत होते, मागणीच्या दिवशी म्हैस अचानक जिवंत कशी झाली!" त्यावर हशा उसळला. मी तो उभ्यानेच ऐकला. मी वर्गात ज्यांना उभे करत असे, ते सर्व बसलेले होते.

मग मी तुगिमिनपाशी गेलो, त्याच्यापुढे गुडघे टेकले आणि त्याचा हात माझ्या कपाळाला लावला. तो हात ओढू लागला. "नको, पाक गुरू, काय करताय! उठा, लोक बघतायत!"

"म्हणून तर," मी म्हणालो.

"गुडघे दुखतात तुमचे."

"दुखू देत."

त्याने हात ओढणे थांबवले. मग हळूच म्हणाला, "आता उठा, नाहीतर मलाही खाली बसावं लागेल आणि मग आपल्या दोघांना कोण उठवणार?"

सरपंचांनी ठराव मागे घेतला नाही. ते म्हणाले, "पाक गुरू, तुम्ही बोललात ते बरं झालं, पण मुलांच्या डब्यात पिठी पडलेली आयांनी पाहिलीय." त्यांचे म्हणणे बरोबर आहे. बऱ्याच वादानंतर एवढेच ठरले: याच हंगामात नवा बांबू तोडावा, पूर्ण मुदत पाण्यात ठेवावा, बालवाडीचे किडलेले वासे आणि खांब बदलून पाहावेत आणि तोवर पाच वाड्यांच्या काँक्रीटचे काम थांबवावे. तोडणी या आठवड्यात आहे. नदीकाठचे तळे मोठे आहे, तिथे बुडवू, असे गडी म्हणाले. मी म्हणालो, माझ्याच तळ्यात. तुगिमिनने विचारले, "आणि ऑगस्टमधलं लारसचं लग्न?" मी म्हणालो, "लग्नही तिथेच."

मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही. ईदच्या दिवशी ती किती स्वस्तात मिळते, ते मी पाहिले आहे.

बापा

*

रविवार-क्लिवोन, २७ ऑगस्ट

माझ्या मुली,

तुझे पत्र नाही. तू तुगिमिनला लिहिलेस आणि त्याची क्षमा मागितलीस, हे त्याने मला सांगितले; पत्र मात्र दाखवले नाही, फक्त खिशावर हात ठेवून म्हणाला, "हे मी चौकटीत लावणार आहे." ते योग्यच झाले. लारसला तू फोन केलास, तेही कळले. तू लग्नाला आली नाहीस. ते माझ्यामुळे, हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी बोलले नाही. या गावाला भिडेचे दुखणे जुने आहे.

गुरुवारी लग्न लागले. तळ्याचा वास या वर्षी मागल्या वर्षाहून उग्र आहे. पाऊस लवकर थांबला आणि पाणी आटले. लारसने आदल्या दिवशी तळ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि डोळे पुसले. मला वाटले, आता ती म्हणेल की बापा, एक दिवसापुरता तरी. ती म्हणाली, "मोगरा दुप्पट मागवा." एवढेच. मग आत गेली. तिच्याकडूनही मी एक गोष्ट हिरावून घेतली आहे, हे मला कळते. ती तसे म्हणाली नाही, म्हणून अधिक कळते.

पाक विबिसोनो रेशमी बाटिक घालून आले, मंडपाच्या दाराशी थबकले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला. त्यांच्यामागे सगळ्या वऱ्हाडाने रुमाल काढले. मी वर्षापूर्वी ज्या दृश्याच्या भीतीने तुझे नाव विकले, ते दृश्य जसेच्या तसे माझ्यापुढे उभे होते. एक रुमालही कमी नव्हता.

"व्याही," ते म्हणाले, "मागच्या वेळी हा वास नव्हता."

"मागच्या वेळी मी तो लपवला होता," मी म्हणालो. पुढचे सांगायला लागलो. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांची अपुरी वाक्ये पूर्ण केली, तो मी अर्ध्या वाक्यावर उभा राहिलो.

मागून बू पोनियेम पेल्यांचे तबक घेऊन चालली होती. ती थांबलीदेखील नाही. जाता जाता म्हणाली, "वास येतोय म्हणजे पाणी काम करतंय. आमच्या पालुपीचं आहे हे. यांची थोरली. बालवाडी तीच बांधते आमची." मग चुलीपाशी कोणीतरी तेच म्हणाले. मग वाढणाऱ्या बायकांनी. जेवणाच्या वेळेपर्यंत वऱ्हाडातला जो कोणी नाक मुरडत असे, त्याला वाडीतला कोणी ना कोणी तेच ऐकवत होता, आणि शेवटी शेवटी तर नवरदेवच आपल्या मामाला सांगत होता. तुझे ते वाक्य मी त्यांना कधी सांगितले नव्हते. तुगिमिनकडच्या पत्रात ते असावे.

पाक विबिसोनोंनी रुमाल खिशात घातला. जेवताना ते मला म्हणाले, "आमच्या सिमेंटला वास येत नाही बघा." मग रश्श्यात भात कालवला. "भूकंपात माझ्या धाकट्या भावाचं घर गेलं. सगळं काँक्रीट होतं." मी त्यांना आणखी रस्सा वाढला.

सरपंच अजून 'बघू' असेच म्हणतात. नवे खांब उभे राहतील, पावसाळा जाईल, पिठी गळते की नाही ते दिसेल. त्याआधी कोणी तुला शब्द देणार नाही, आणि मीही देत नाही. माझ्या शब्दाचे काय होते, ते तू पाहिले आहेस.

बांबू या वर्षी मे महिन्यात बुडाला, म्हणून सप्टेंबर सरेपर्यंत राहील. तो केव्हा काढायचा, ते तू सांगशील. पत्राने नव्हे, निरोपाने तर नव्हेच. काठावर उभी राहून सांगशील तेव्हाच तुगिमिन पाण्यात उतरेल. त्याने तसे मला तोंडावर बजावले आहे. "या वेळी पाक गुरूंचं ऐकणार नाही," असे तो सर्वांदेखत म्हणाला आणि सर्वांदेखत मी मान झुकवली.

आज सकाळी एक बांबू दगड सारून वर आला होता. घरी कोणी नव्हते. मी लुंगी खोचून स्वतः तळ्यात उतरलो, त्याला खाली दाबला आणि दगड परत त्यावर ठेवला. पाणी छातीपर्यंत आले. तळाशी पाय रुतले, तेव्हा बाहेर येता येईल की नाही, असे क्षणभर वाटले. आलो.

या कागदाला वास येत असेल. तीनदा हात धुतले, पण जात नाही.

बापा